आधी दुवा, मग नजर

रंगभूमीवर उभं राहणाऱ्या माणसाला दोन गोष्टी शिकाव्या लागतात. पहिली, चारचौघांपुढे न डगमगता बोलणं. ती आमच्या तालीममास्तरांनी मला छडीच्या जोरावर शिकवली. दुसरी, लोकांनी खूश होऊन दिलेलं घेणं. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. हात किती पुढे करायचा, मान किती लववायची, डोळे कुठे ठेवायचे, यात चांगले चांगले नट चुकतात. हावरेपणा बोटांत दिसतो आणि ताठा मानेत. ही दुसरी विद्या मी ज्याच्याकडून उचलली त्याने जन्मात कधी तोंडाला रंग लावला नव्हता. तो कोल्हापूरच्या स्टेशनावरचा टांगेवाला होता, कुतुबुद्दीन शिकलगार.

काळ महाराजांच्या कारकिर्दीचा. रेल्वे जुनी झाली होती, मोठं थिएटर अजून व्हायचं होतं. आमची नाटक मंडळी दर थंडीला कोल्हापुरात येई आणि पत्र्याच्या मांडवात दोन-अडीच महिने खेळ लावी. मालक गणपतराव स्वतः नायक, मी नायिका. वय अठरा-एकोणीस, नाव जोतीराम, पण लांब केस आणि रोजची वेणीफणी यांमुळे मंडळीतले आचारीसुद्धा मला "बाईसाहेब" म्हणून चिडवायचे.

पहिल्यांदा आम्ही स्टेशनावर उतरलो तेव्हा ट्रंका, पडद्यांच्या गुंडाळ्या आणि पेटी-तबला घेऊन टांग्यांची रांगच बिऱ्हाडाकडे निघाली. गणपतराव आणि मी कुतुबुद्दीनच्या टांग्यात. उंच, वाळलेला माणूस, मेंदीने लाल केलेली दाढी, डोक्याला हिरवट पटका. घोडी पांढरी, नाव चांदणी. तिच्या मागच्या एका पायाला कधी काळी इजा झालेली, त्यामुळे तिच्या तीन टापा स्वच्छ पडत आणि चौथी जरा दमाने, विचार करून पडावी तशी. कोल्हापूरची पोरं आंधळी कोशिंबीर खेळतानाही सांगायची, "चांदणी आली."

बिऱ्हाडाशी उतरल्यावर गणपतरावांनी भाडं दिलं. ते कुतुबुद्दीनने उजव्या हाताने घेतलं, बघितलं, कनवटीला लावलं. मग मालकांनी आणखी एक नाणं पुढे केलं. त्यासरशी हा माणूस बदलला. पायदानावरून खाली उतरला, पटका सारखा केला, दोन्ही तळवे जोडून पुढे धरले आणि नाणं पडायच्या आत डोळे मिटून मोठ्याने म्हणाला,

"मालक, तुमच्या पडद्याची दोरी कधी न तुटो, आणि तुमच्या नायिकेला कधी दाढी न फुटो!"

रस्त्यावरचे लोक खो खो हसले. मी लाजेने लाल झालो. गणपतराव इतके खूश झाले की त्यांनी आणखी एक पावली काढली. कुतुबुद्दीनने ती घेतली नाही.

"एका सवारीला एकच, मालक. दुवा काय हातगाडीवरची भाजी न्हाय, जास्तीचा दाम दिला म्हणून जास्त मिळायला."

त्या दिवसापासून मला या माणसाचं नवल वाटू लागलं. सकाळी तालीम नसली की मी स्टेशनावर जाऊन बसे. गाडी आली की त्याची एकेक दुवा ऐकण्यासारखी असायची. वकील उतरला तर, "वकीलसाहेब, तुमचा अशील तुमच्याशी तरी खरं बोलो!" नवं लग्न झालेलं जोडपं उतरलं तर नवऱ्याला, "पोरा, तुझी आई आणि तुझी बायको एकाच बाजूनं भांडोत!" देवीच्या दर्शनाला आलेल्या म्हातारीला, "आई, अंबाबाई तुमच्या गुडघ्यात बळ देवो, महाद्वाराच्या पायऱ्या गिळून टाकाल!" तांदळाचा व्यापारी आला, "शेटजी, तुमच्या तराजूकडं कुणाचं लक्ष न जावो!" शेटजींना हसावं की रागवावं कळेना.

लोक दुवा ऐकायची म्हणून बक्षिसी देत. शेजारचा टांगेवाला पिराजी, जाडजूड आणि तोंडाने फटकळ, तो कुरकुरे.

"आमी घोडं हाकतो, ह्यो जीभ हाकतोय. हिला चंदी लागत न्हाय, नाल लागत न्हाय."

"मग तूबी हाक की," कुतुबचाचा म्हणे.

"माज्या तोंडातनं दुवा निगाली तर लोक पोलिसाला बोलावतील."

मी त्याला एकदा विचारलं, "चाचा, नाणं बघायच्या आधी दुवा का देता? ढब्बू पैसा निघाला तर?"

तो चांदणीच्या आयाळीतली गवताची काडी काढत होता. म्हणाला, "आधी बघितलं की दुवा नाण्याच्या मापाची निघती. माणसाच्या मापाची निघाया पायजे. म्हणून आधी दुवा, मग नजर."

आणखी पुष्कळ कायदे होते त्याचे. टांग्यात बसल्या बसल्या नाणं पुढे केलं तर तो घेत नसे. उतरा, जमिनीवर या, मग द्या. वरून दिलेलं वरच राहतं म्हणे. खिशात नाणी चाचपून लहानातलं लहान शोधणाऱ्याला तो हसत सांगे, "राहू द्या पावणं, दमाल." मयताला आलेल्या माणसाकडून फक्त भाडं. आणि काम व्हायच्या आधी कुणी हातावर ठेवलं, की लवकर पोचव म्हणून, तर टांगा हटकून सावकाश चाले.

या सगळ्यात एक गोष्ट मला खुपत होती. तो माझ्याकडून बक्षिसी घेत नसे. भाडं घेई, चोख घेई. पण मी वर काही काढलं की हात मागे. "ऱ्हाऊ द्या की." मालकांकडून घ्यायचा, आमच्या पेटीवाल्याच्या पाहुण्यांकडून घ्यायचा, अनोळखी माणसाकडून घ्यायचा. माझ्याकडून नाही. मला वाटलं, मी बायकांची कामं करतो म्हणून माझा पैसा याला हलका वाटत असावा. तेव्हा असं मानणारे लोक होते. पुढे बसून टाळ्या वाजवायचे आणि घरी पाणी द्यायला कचरायचे.

मी युक्त्या केल्या. एकदा आम्ही चौघे नट कळंब्याच्या तळ्यावर फिरायला गेलो. परतताना मी चांदणीसाठी चांगले भिजवलेले हरभरे फडक्यात बांधून आणले. ते त्याने घेतले, चांदणीनेही घेतले. मी मनात म्हटलं, जमलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोने, मेहमुदाचाचीने, त्याच फडक्यात खारवलेल्या शेंगा बांधून माझ्या बिऱ्हाडी धाडल्या. हिशेब पुरा. मी विचारावं म्हटलं, पण असलं कसं विचारायचं? तू मला हलका समजतोस का, हे वाक्य रंगभूमीवर म्हणायला सोपं असतं.

संक्रांत झाली आणि चांदणी गेली. पोटशूळ उठला, एका दिवसात खेळ आटोपला.

कोल्हापुरात टांग्याला बिल्ला असे. शिमग्याच्या आधी सगळ्या टांग्यांची तपासणी व्हायची. घोडा, चाकं, कंदील, सगळं बघून बिल्ला पुन्हा मिळायचा. त्या दिवशी घोडा नसला तर बिल्ला जमा, आणि स्टेशनावरच्या रांगेतली जागा दुसऱ्याला. शिकलगारांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तलवारींना धार लावायचं काम चालत आलेलं. तलवारी गेल्या, म्हणून कुतुबचाचाच्या बापाने टांगा घेतला होता. आता टांगा गेला तर दगडाच्या खाणीवर जाण्यावाचून गत नव्हती, आणि त्याची छाती तर आधीच खोकल्याने पोखरलेली.

पिराजीने मला हे सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडात एकही टोमणा नव्हता. त्यावरूनच मी काय ते समजलो.

आमची मंडळी हळवी. गणपतरावांनी सगळ्यांकडून पैसे गोळा केले, स्वतः भर घातली, एका ताटलीत रुमालाखाली झाकले आणि मला बरोबर घेऊन त्याच्या घरी गेले. अंगणात टांगा दांड्या जमिनीला टेकून उभा होता. कुतुबचाचा चाकाला तेल देत बसला होता, घोडा असल्यासारखा.

गणपतरावांनी ताटली पुढे केली. "कुतुबुद्दीन, मंडळीकडून. बक्षिसी समज."

त्याने रुमाल वर केला, पुन्हा झाकला.

"मालक, मेलेल्या घोडीवर कसली बक्षिसी? सवारी झाली न्हाय, कुणी कुठं पोचलं न्हाय. काम न करता घेतली ती खैरात. खैरात वाईट न्हाय, पर ती फकिराची. मी टांगेवाला हाय."

"अरे, मग उसने घे."

"फेडायचं कशानं? दुव्यानं?" तो हसला, आणि खोकला आला म्हणून थांबला. "आणि दुसरं असं, की ह्यो पैसा तुमचा सगळ्यांचा. नटांचा. त्यो मला चालत न्हाय."

इतके दिवस दाबलेलं बाहेर पडलं. "का चालत नाही, चाचा? आम्ही तोंडाला रंग लावतो म्हणून? मी लुगडं नेसतो म्हणून?"

तो आत पाहून म्हणाला, "मेहमुदा, ऐकलंस का? हे पोरगं काय डोक्यात घिऊन फिरतंय बग!"

मेहमुदाचाची दारात आली. "मी तुमास्नी म्हटलं न्हवतं? शेंगा देऊन कळत न्हाय, तोंडानं सांगा म्हणून."

"आरं जोती," कुतुबचाचा म्हणाला, "न्हावी न्हाव्याकडनं हजामतीचे पैसे घेतो का? मी तुझा खेळ बघितलाय. पब्लिकनं रुपाया फेकला की तू वाकून घेतोस. मीबी वाकून घेतो. तूबी लोकांच्या खुशीवर जगतोस, मीबी. घेणाऱ्यानं घेणाऱ्याकडनं घेऊ न्हाय. भाडं येगळं, ती मजुरी. मालक येगळे, ते तुमास्नी पगार देणारे. पर बक्षिसी आपापसांत फिराय लागली तर ती बक्षिसी कुठली? नुसतं ह्या खिशातलं त्या खिशात."

म्हणजे इतके दिवस हा माणूस मला आपल्या बरोबरीचा समजत होता, आणि मी मनात कुढत होतो! मला इतका आनंद झाला की हसू आवरेना. गणपतरावांनी मात्र ताटलीकडे बघून कपाळाला हात लावला. मान मिळाला, पण घोडा कुठून आणायचा?

परत येताना मला सुचलं. आमच्या एका नाटकात नायिका रथातून माहेरी येते. रथ दिसत नाही, विंगेत घोड्याच्या टापा वाजतात. या टापा आमचा प्रॉम्प्टर करवंट्या आपटून काढी, ते ऐकून पिटातले स्वस्त तिकिटाचे लोक ओरडायचे, "बाई खेचरावरनं आल्या!" मी म्हटलं, हे काम कुतुबचाचाला द्यावं. काम तर काम. आणि लोकांनी खूश होऊन काही दिलं, तर ते नटांचं नव्हे, पब्लिकचं.

गणपतराव मान हलवत म्हणाले, "पब्लिक विंगेतल्या माणसाला देतं का कधी?"

कुतुबचाचाला विचारलं, तर तो दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "करतो. पर तालीम न्हाय करायची. खेळातच करीन. आणि पब्लिकला काय बी सांगायचं न्हाय, की ह्याची घोडी मेलीया, द्या म्हणून. कळवळ्यानं दिलेलं मी परत करीन, सांगून ठेवतो."

रविवारी दुपारचा खेळ. मांडव भरलेला. पुढे खुर्च्या, डावीकडे चिकाच्या पडद्याआड बायका, मागे पिट. पिटात स्टेशनावरचे टांगेवाले झाडून आले होते, पिराजी सगळ्यांत पुढे. मी सासरच्या दाराशी सखीचा हात धरून उभं राहायचं आणि म्हणायचं, "ऐक, रथ जुंपला बरं!" मग टापा वाजायच्या, मी आत जाऊन दुसऱ्या बाजूने यायचं.

मी वाक्य म्हटलं. विंगेत कुतुबचाचा फरशीच्या तुकड्यापुढे मांडी घालून बसला होता, हातात त्याच प्रॉम्प्टरच्या करवंट्या. पहिला आवाज लांबून आला, रंकाळ्याच्या पलीकडून यावा तसा. मग जवळ. टप, टप, टप... आणि मग, जरा दमाने, टप.

मी आत जायचं विसरलो.

तो आवाज चढावर आला तेव्हा जड झाला, उतारावर सैल. मध्येच फुरफुरणं. मग पुन्हा टप, टप, टप... आणि थांबून, टप. आणि पिटातून पिराजीचा आवाज फुटला, "आरं, ही तर चांदणी!"

त्यापुढे नाटक राहिलं नाही. सगळं शहर त्या घोडीमागे कधी ना कधी बसलेलं. "वन्स मोअर! वन्स मोअर!" खुर्च्यांवरची माणसं उभी राहिली. नाणी येऊ लागली, रंगमंचावर खणखण वाजू लागली. आणि सवयीने काय केलं असेल मी? पदर सावरून वाकलो, नमस्कार घातला, घ्यायला हात पुढे केला! पिटातून ओरडा झाला, "ओ बाई, सरा बाजूला! तुमचं न्हाय त्ये! घोडीचं हाय!"

हशा उसळला. त्या हशातच मी विंगेत गेलो आणि कुतुबचाचाला दंडाला धरून बाहेर आणलं. तो यायला तयार नव्हता. "चाचा," मी कानात म्हटलं, "हे कळवळ्याचं नाही. यांतल्या निम्म्यांना घोडी गेल्याचं ठाऊकही नाही. चाल आवडली त्यांना."

तो पुढे आला. उजेडाने डोळे दिपलेले, समोरचं कोणी दिसत नव्हतं. पायाशी नाणी पडत होती, तिकडे त्याने बघितलंच नाही. पटका सारखा केला, तळवे जोडले, डोळे मिटले.

आधी खुर्च्यांना: "साहेबलोक, तुमच्या खुर्चीला ढेकूण न होवोत, आणि तुमच्यावर खुर्ची न रुसो!"

मग चिकाच्या पडद्याकडे वळून: "आयाबायांनो, घरी गेल्यावर चूल आयती पेटलेली मिळो!" पडद्याआड बांगड्या वाजल्या.

शेवटी पिटाला. तिथे त्याचा आवाज जरा घसरला. "आणि माझ्या भावांनो, तुमची जनावरं तुमच्या आधी न जावोत."

पिराजीने आपला फेटाच सोडून वर फेकला.

जमलं त्यात चांगला घोडा येणार नव्हता, पण घोडा येणार होता. कुतुबचाचा गडहिंग्लजकडच्या बाजारात एकटाच गेला आणि एक वयस्कर तांबडा घोडा घेऊन आला. एका माल भरलेल्या बैलगाडीमागे बांधून आणला, दमवू नये म्हणून. तो पोचला तपासणीच्या आदल्या संध्याकाळी.

सकाळी स्टेशनापुढे टांगे रांगेने उभे. मी तालीम चुकवून गेलो होतो. तपासणीचा कारकून चष्मेवाला, काटेकोर माणूस. त्याने चाकं बघितली, कंदील बघितला, घोड्याचे दात बघून नाक मुरडलं, पण बरं म्हणाला. मग टांग्यात चढून बसला. "चालवून दाखवा."

"चल बेटा," कुतुबचाचा म्हणाला.

घोडा उभा.

"चल रं राजा! हय! हय्या!" चुचकारलं, लगाम हलवला, जिभेने टकटक केलं. घोड्याने कान मागेपुढे केले आणि मोठ्या कुतूहलाने आमच्या सगळ्यांकडे बघितलं. चाबूक कुतुबचाचाने उचलला नाही. त्याच्या कपाळावर घाम आला. कारकुनाने बिल्ला खिशातून काढला होता, तो पुन्हा खिशाकडे निघाला.

"चालत नसेल तर त्याला घोडा कसं म्हणायचं?" तो म्हणाला.

तेवढ्यात पिराजी पुढे आला. घोड्याच्या तोंडापुढे उभा राहून त्याने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "चाचा, ह्यो कुठला म्हटलात?"

"गडहिंग्लजच्या पलीकडला."

"माझी सासुरवाडी हाय की तिकडं!" पिराजी म्हणाला, आणि घोड्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "नडी!"

घोडा निघाला. निघाला कसला, सुटलाच! कारकुनाची टोपी मागे उडाली. टांगा शाहूपुरीच्या दिशेने धूळ उडवत गेला आणि लांबून कुतुबचाचाचा आवाज येत राहिला, "थांब! आरं थांब! हो! होऽऽ!" घोड्याला यातलं काहीच कळत नव्हतं. पिराजी रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडत होता, "चाचा, निल्लू म्हणा! निल्लूऽ!"

ते पोचलं असावं. कारण थोड्या वेळाने टांगा परत आला, सावकाश, रुबाबात, सरळ चालीत. टापा सारख्या पडत होत्या, चारही. कारकून दोन्ही हातांनी टपाची दांडी धरून बसला होता. तो खाली उतरला, पाय जमिनीला लागले याची खात्री करून घेतली, चष्मा पुसला आणि बिल्ला कुतुबचाचाच्या हातावर ठेवला.

"घ्या. पण सवारी घ्यायच्या आधी या जनावराला मराठी शिकवा."

कुतुबचाचाने बिल्ला कपाळाला लावला. मग घोड्याच्या मानेवरून हात फिरवला.

"त्याला कशाला, साहेब? त्याचं वय झालंय. मीच कानडी शिकतो."

आणि पिराजीला शेजारी बसवून तो रांगेत आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. गाडी यायला अजून अवकाश होता. दोघेही घोड्याकडे तोंड करून बसले होते, आणि पिराजी त्याला डावीकडे वळायला काय म्हणतात ते सांगत होता.